बचतीच्या रकान्यातला भोपळा

मे महिन्याच्या शेवटी आमच्या ऑफिसात थकीत बचत गटांची यादी निघते. २०२४ ची यादी मीच काढली होती. तीन पानं. ‘ड’ वर्गातल्या गटांना लाल रंग देणारं सूत्रही एक्सेलमध्ये मीच बसवलेलं. यादी टेबलावर ठेवताना दिसलं की बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यातली आमची झाडून सगळी गावं लाल आहेत, आणि खालच्या सपाटीवरची दूधवाली गावं बहुतेक हिरवी.

आमचे सर यादीकडे बघून म्हणाले, “ऊसतोडीच्या बायका. दिवाळी झाली की ना हप्ता, ना बैठक. तू कॉम्प्युटर शिकलीस ना? एक ॲप कर. मेसेज गेला की हप्ता येईल.”

मी अंबाजोगाईची. बचत गटांच्या एका महासंघात माहिती-संकलनाचं काम करते. म्हणजे गावोगावच्या वह्यांमधले आकडे गोळा करायचे, ताळा जुळवायचा आणि वर पाठवायचे. ॲप करायला सांगितलं याचा मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. रोजच्या बेरजा-वजाबाक्यांतून सुटका, आणि पुण्याच्या मैत्रिणींना सांगायलाही बरं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चार स्क्रीन करून एका वाडीवर गेले. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात गटातल्या अकराही जणी जमल्या, कारण पेरणी अजून व्हायची होती आणि ऊसतोडीचा फड संपवून सगळ्या घरी होत्या. मी मोबाईल मध्ये धरला. बचतीसाठी मातीच्या गल्ल्याचं चित्र काढलं होतं, वर पैसे टाकायची फट वगैरे दाखवून. एका आत्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“ह्यो भोपळा कशाला काढलाय गं?”

दुसरी लगेच म्हणाली, “बचतीच्या रकान्यात भोपळाच की आपला! बराबर काढलंय पोरीनं.”

अख्खा मंडप हसला. मीही हसले. पुढचा तासभर जे कळलं त्यानंतर मात्र हसू आलं नाही. अकरा जणींत फोन चारच. त्यातले दोन पोरांच्या खिशात, एकाचा रिचार्ज शिमग्यालाच संपलेला. फडावर कोपीत, म्हणजे राहायच्या खोपटात, वीज नसते, फोन चार्ज करायचा तर ट्रॅक्टरवाल्याला विनवायचं, नाहीतर गावातल्या दुकानात दहा रुपये देऊन ठेवायचा. आणि हप्ता भरायची आठवण त्यांना नव्हतीच असं नाही. त्या आत्या म्हणाल्या, “ध्येनात ऱ्हातंय बाई. ध्येनात ऱ्हाऊन काय करावं? पैसा ध्येनात नस्तोय, हातात आसावा लागतोय.”

परतीच्या एसटीत ते ॲप मी मनातल्या मनात पुसून टाकलं. सरांना सांगायला पंधरा दिवस लावले.

त्याच पावसाळ्यात मला स्वयंसेवी संस्थांसाठीच्या एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. अशा प्रशिक्षणांतून साधारण एक फाइल, एक पेन आणि गटचर्चेचे फोटो मिळतात. या वेळी एक गोष्ट मिळाली. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत ‘जे फॉरेस्टर’ नावाचे प्राध्यापक होते. १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांच्यापुढे एक कोडं ठेवलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन-तीन पाळ्या चालत, आणि दोन-तीन वर्षांत निम्म्या कामगारांना घरी बसवायची वेळ येई. कंपनी म्हणे, बाजारच तसा आहे. फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिल घेतली. माल किती शिल्लक, मागणी किती, माणसं किती, यावरून व्यवस्थापक पुढच्या आठवड्यात काय ठरवतील हे हातानंच मांडत गेले. मागणी स्थिर धरली तरी कामगारांचा आकडा वर-खाली झुलायचा तो झुललाच. दोष बाहेरच्या बाजारात शोधत होते, आणि झोका कंपनीच्या स्वतःच्या ठरवण्याच्या पद्धतीतून येत होता. यातून पुढे ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ नावाचं शास्त्र उभं राहिलं.

मी फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं: ‘आपण म्हणतो बायकाच तशा. आपला नियम कुठाय?’

पुन्हा त्याच वाडीवर गेले तेव्हा मोबाईल पिशवीतच ठेवला. खडूनं फरशीवर मोठं चाक काढलं, बारा भाग केले आणि जानेवारीपासून नावं लिहायला लागले. दोनच भाग लिहून झाले असतील.

“आमचं साल तिथून सुरू व्हत न्हाई,” सचिवबाई म्हणाल्या. त्या सातवी शिकलेल्या, गटाची वही त्याच लिहितात.

“मग पाडव्यापासून लिहू?”

“पाडव्यालाबी न्हाई. पट्टा पडल्यावर.”

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचं गाळप थांबणं. मग त्यांनीच चाक फिरवलं. महिने पुसले आणि सणांनी भाग पाडले: पट्टा, पाडवा, आखाजी, पेरणी, आषाढ, पोळा, घट, दिवाळी, निघायचं, येळ अमावस्या, संक्रांत, शिमगा. घरात येणाऱ्या पैशाला ज्वारीची चिमूट, जाणाऱ्याला लाल मिरची. एवढं ठरायला अर्धा तास गेला, कारण कर्ज ज्वारी की मिरची यावर वाद. “येतं तवा ज्वारी, आन् जातं तवा मिरची,” असा निवाडा आत्यांनी दिला. मी कॉलेजात ताळेबंद शिकले तेव्हा इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

चाक भरलं तेव्हा सगळ्यात मोठा ज्वारीचा ढीग आषाढापासून घटस्थापनेपर्यंतच्या भागात पडला. मला वाटलं, काहीतरी चुकतंय. या दिवसांत शेतात सोयाबीन उभं असतं, पैसा कुठून येणार? ती उचल होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि मजुरांची टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी कोयत्यामागे जी रक्कम देतो ती उचल. बियाणं, शाळा, दवाखाना, मागच्या लग्नाचं देणं, सगळं त्या ढिगातून जातं. नंतर पाच महिने फडावर जे काम होतं ते घेतलेले पैसे फेडायचं काम. त्या भागांत ज्वारी जवळजवळ नाहीच, मुकादम आठवड्याला खर्चायला देतो त्या खर्चीचे चार चार दाणे तेवढे. आणि आमचा महासंघ हप्ता मागतो तो नेमका तिथे.

मग आम्ही हिशेब मांडला. वहीत नाही, दाण्यांतच, एक दाणा हजाराचा. तोडणीच्या दरात २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. हे सगळ्यांना पाठ होतं. मी विचारलं, एक कोयता दिवसाला किती टन तोडतो? कुणी दोन म्हणालं. दोन टनांनी दिवसाला ७३२. हंगाम १२० दिवस धरला तर ८७ हजार ८४०. समोर उचल १ लाखाची आणि आठवड्याला हजार धरून १७ आठवड्यांची खर्ची. म्हणजे २९ हजार १६० अंगावर.

“दोन टन कुणाला व्हतंय रोज?” मागून एक जण म्हणाली. तिच्या मांडीवर वर्षाचं लेकरू होतं. “थंडीत हात चालत न्हाईत. लेकरू आजारी पडलं की खाडा. कारखाना बंद पडला की खाडा. दीड धर.”

दीड धरला. ६५ हजार ८८०. अंगावर ५१ हजार १२०.

मी त्या आकड्याकडे बघत बसले. सगळं कोडं उलगडून दाखवल्यासारखं मला वाटत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. आत्यांनी ज्वारी पदरात गोळा करायला घेतली. कोंबड्यांना टाकायची होती.

“ह्ये आमाला ठावं हाय गं. तुमाला आज कळलं, एवढंच.”

हे वाक्य मला पुढे खूप पुरलं. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम म्हणजे लोकांना काहीतरी समजावणं: बचतीचं महत्त्व, पाण्याचं महत्त्व, शौचालयाचं महत्त्व. चाक फरशीवर काढलं तेव्हाही माझ्या डोक्यात तेच होतं. पण समजायचं राहिलं होतं ते ऑफिसाला.

ऑफिसात मी आमच्याच नियमपुस्तिकेचं चाक काढलं, या वेळी पांढऱ्या फळ्यावर. सलग तीन महिने हप्ता चुकला की गट ‘ड’. ‘ड’ गटाला कर्ज नाही. श्रेणी ठरते मेमध्ये, आधीच्या सहा महिन्यांच्या हजेरीवर. म्हणजे बायका गावात नसतात तेच महिने मोजले जातात. पात्र गटांनाही पैसे मिळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण दाखवायचं असतं. तेव्हा त्या फडावर. आषाढात गरज असते तेव्हा आमच्याकडे ‘प्रस्ताव मागवणे सुरू आहे’. मग राहतो मुकादम. तो मागेल तेव्हा देतो, दारात येऊन देतो, प्रस्ताव मागत नाही. उचल जास्त घेतली की बाईलाही जावंच लागतं, एकट्या पुरुषाचा कोयता होत नाही. बाई गेली की बैठकीला गैरहजर. गैरहजर म्हणजे ‘ड’.

फळ्यावर बाणाला बाण जोडत गेले आणि शेवटचा बाण पहिल्या चौकटीवर येऊन टेकला. लाल रंग त्यांच्यावर चढत होता, रंगाचा डबा आमच्या हातात होता.

सरांना पटलं. कार्यकारिणीला पटणं वेगळी गोष्ट. पहिल्या बैठकीत मी तो फळा दाखवला तर अध्यक्षबाई म्हणाल्या, “नियम सगळ्यांला सारखा पाहिजे. दूधवाल्या बायका पहाटे चारला उठून भरतात ना?” हिशेबनीस काका म्हणाले की बँकेच्या अटी आपण करत नाही. दोघांचंही चुकीचं नव्हतं. माझे बाण मात्र कुणी बघितले नाहीत. सगळ्या बायांनी नम्रपणे मान हलवली आणि चहा आला.

म्हणून ऑगस्टच्या बैठकीत बाण नेलेच नाहीत, खेळ नेला. प्रत्येकीला एक कार्ड: तुम्ही अमुक कोयता, दोन लेकरं, सासू गावाकडे, दोन एकर कोरडवाहू. वाटीत ज्वारीचे दाणे, एक दाणा हजाराचा. मध्ये चिठ्ठ्यांची बरणी: पाऊस, ताप, कारखाना बंद, नणंदेचं लग्न, बैल मेला. या चिठ्ठ्या मी बनवलेल्या नव्हत्या, वाडीवरच्या बायकांनी सांगून लिहून घेतलेल्या होत्या. नियम आमच्याच पुस्तिकेतले, शब्दन् शब्द. सहा जणी आणि हिशेबनीस काका खेळायला बसले.

संक्रांतीपर्यंत सातपैकी सहा जण ‘ड’ वर्गात. अध्यक्षबाईंना दोन वेळा ‘ताप’ निघाला. दुसऱ्यांदा निघाल्यावर त्यांनी चिठ्ठी परत बरणीत टाकायचा प्रयत्न केला. सातवे, म्हणजे काका, तरले. कसे तरले म्हणून वाटी तपासली तर मुठीत सात दाणे लपवलेले. सगळ्या ओरडल्या. काका शांतपणे म्हणाले, “लबाडी काय? घरी म्हातारी आई आहे ना कार्डावर? तिच्याजवळ ठेवून आलो. ती दर महिन्याला नेऊन भरते.”

हसण्यात ते वाक्य विरून गेलं असतं. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. “थांबा,” त्या म्हणाल्या, “हे आपल्या नियमात बसतं का?” बसत नव्हतं. सभासदाच्या वतीनं दुसऱ्या कुणी हप्ता भरायचा नाही, असं कलम होतं. पुरुषांनी गट चालवू नयेत म्हणून केलेलं, चांगल्या हेतूनं. तेच कलम सासूलाही आडवं येत होतं.

त्या दुपारी तीन गोष्टी बदलल्या. एक, मागं राहणाऱ्या बाईला हप्ता भरता येईल. तोडीला जाणाऱ्या सभासदाच्या खात्यावर त्या महिन्यांत ‘प्रवासात’ असा शेरा येईल आणि हजेरी उरलेल्या सात महिन्यांची मोजायची. तिसरी गोष्ट जड होती: महासंघाच्या स्वतःच्या निधीतलं कर्ज आषाढात वाटायचं. ते पुढच्या वर्षापासून झालं, आणि बँकेचं कर्ज अजूनही मार्चअखेरलाच येतं. तिथे आमचं चाक पोचलेलं नाही.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र फडावर न्यायच्या बचतकार्डाचं. वापरणारा माणूस मध्यभागी ठेवून रचना करायची, हा विचार १९८० च्या दशकात संगणकाच्या पडद्यांसाठी रूढ झाला, आणि १९९९ मध्ये त्याचं आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानकही आलं. त्यात वस्तू कुठे, कशी वापरली जाणार हे आधी समजून घ्या, असं सांगितलंय. आमची वस्तू वापरली जाणार होती कोपीत. पाचटाचं किंवा ताडपत्रीचं छप्पर, आत चूल, पिठाचा डबा, गोधड्या आणि उंदीर. आमचं छापील पासबुक नऊ रकान्यांचं होतं. ते ट्रंकेत राहायचं, किंवा जायचं आणि भिजून यायचं.

पण फडावर हप्ता येणार कुठून? चाकावर मिरची-ज्वारी करताना मागं बसलेली ती लेकुरवाळी बाई हळूच म्हणाली होती, “वाढं धरलं न्हाई तुमी.” वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडताना तो बाजूला पडतो, बायका त्याच्या पेंढ्या बांधून आसपासच्या जनावरवाल्यांना विकतात. तेल-मीठ त्यावर चालतं. हा पैसा मुकादमाच्या वहीत जात नाही. बाईच्या हातात येणारा हंगामातला तो एकमेव रोख पैसा, आणि तो माझ्या मॉडेलमध्ये नव्हता, कारण पुरुषांना विचारून आधी केलेल्या पाहणीत तो कुणी सांगितलाच नव्हता.

कार्ड त्या पैशासाठी करायचं ठरलं. पहिला नमुना वहीच्या पुठ्ठ्याचा, पोस्टकार्डाएवढा. “येवढं कुठं ठिवू?” दुसरा निम्मा. बटव्यात बसला, पण आकडे बारीक झाले. मग आकडेच काढून टाकले. फक्त चौकोन, एक चौकोन पन्नास रुपयांचा. त्यात खूण कशी करायची? पेन हरवतं, शाई घामानं उतरते, अंगठ्याला शाईचा पॅड लागतो. आत्या म्हणाल्या, “एस्टीचा कंडक्टर करायचा तसं कर की. चिमट्यानं टिकट फोडायचा.” माझ्या लहानपणी एसटीत पेटीतली रंगीत तिकिटं होती आणि कंडक्टर सीटच्या दांड्यावर चिमटा टकटक वाजवत यायचा. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. भोक पाडलं की बुजवता येत नाही, वाचता येत नसलं तरी बोटानं मोजता येतं. गल्ल्याचं चित्र मी आपणहून काढून टाकलं आणि वाढ्याची पेंढी काढली. ती सगळ्यांनी ओळखली.

त्या वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, त्यामुळे टोळ्या निघायला ओढाताण झाली. अकरा कार्डं, दोन टोळ्यांत एकेक चिमटा आणि पत्र्याची एकेक पेटी घेऊन बायका गेल्या.

जानेवारीत मी सांगली जिल्ह्यातल्या एका फडावर गेले. पहाटे साडेचारला अंधारात पोचले तेव्हा भाकऱ्या थापून झाल्या होत्या. दहिवर इतकं की फडात शिरलं की कमरेपर्यंत ओलं. बाप्ये पुढं तोडत होते, बायका मागं मोळ्या बांधत होत्या, आणि भरलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढत होत्या. त्या अरुंद फळीवर मी रिकाम्या हातांनी चढून बघितलं आणि अर्ध्यावरून उतरले.

दुपारी कार्डं बघितली. या टोळीत सात. चार कार्डांवर भोकं बऱ्यापैकी. एक नवऱ्याच्या खिशात, “माझ्यापाशी नीट ऱ्हातंय” म्हणून. एक पोरानं चिमटा हाताला लागताच अशी भोसकलेली की चाळणी झाली होती. सातवं त्या सातवी शिकलेल्या सचिवबाईंचं. पुढच्या बाजूला वाढ्याच्या पैशाची नऊच भोकं. मागच्या कोऱ्या बाजूला मात्र कडेकडेनं रांगच रांग.

“हे काय केलं?”

“खेपा हायत ट्रॅक्टरच्या. ट्रॅक्टर भरून गेला की एक भोक.”

टोळीत दहा कोयते. दिवसाकाठी साधारण एक ट्रॅक्टर भरून कारखान्याच्या काट्यावर जायचा, वजनाची पावती ड्रायव्हरजवळ, तिथून मुकादमाच्या वहीत. हिशेब होतो शेवटी, पाच महिन्यांनी, त्या वहीवरून. मी कार्ड बचतीसाठी केलं, तिनं ते वहीला उत्तर म्हणून वापरलं. मागची बाजू मी कोरी का सोडली होती? छपाई स्वस्त पडते म्हणून.

त्या वर्षी हंगाम लवकर आटोपला, राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारी-मार्चमध्येच पडले. आम्ही दाण्यांत १२० दिवस धरले होते, या टोळीचे ९५ भरले. हिशेबाला बसले तेव्हा मुकादमाच्या वहीत ८७ खेपा, कार्डावर ९१ भोकं. मी तिथे नव्हते, नंतर ऐकलं. आधी मुकादम हसला म्हणे. मग सचिवबाईंनी कार्ड उजेडासमोर धरलं. दोन पावत्या ड्रायव्हरच्या डॅशबोर्डाखाली सापडल्या. उरलेली दोन भोकं कुणाची ते ठरलं नाही. पोराकडं बोट गेलं, पोरगं पळालं. दोन खेपा म्हणजे साधारण ३६ टन, कोयत्यामागे तेराशे रुपयांच्या आसपास. फार मोठी रक्कम नाही. पण वही पहिल्यांदाच उघडी मध्ये ठेवली गेली होती.

याची किंमतही लागली. मुकादमानं विचारलं, “ह्ये कुठल्या संस्थेनं शिकवलं?” आणि पोळ्याच्या सुमारास सचिवबाईंच्या घरी उचल द्यायला तो आलाच नाही. त्यांना दुसऱ्या टोळीत जागा शोधावी लागली, उचलही कमी मिळाली. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. मला मात्र आजही तो विषय काढताना अवघडतं, कारण माझ्या नमुन्यात भोक होतं, पट्टी होती, रंग होता. हे कार्ड कुणासमोर धरलं तर काय होईल, याची चौकट नव्हती.

म्हणून मुकादमाकडे गेले. आमच्या फळ्यावर तो नुसता एक काळा चौकोन होता. त्यानं चहा पाजला आणि स्वतःचं चाक सांगितलं. तोही वीस वर्षं कोयता चालवून मुकादम झालेला. करार कारखान्याशी, उचलीचे पैसे थोडे तिकडून, थोडे व्याजानं काढलेले. गेल्या साली दोन कोयते उचल घेऊन दुसऱ्याच टोळीबरोबर कर्नाटकात गेले, ते पैसे त्याच्या अंगावर. “तुमचं कार्ड वाईट न्हाई ताई,” तो म्हणाला. “मलाबी एक द्या. ड्रायव्हर माझ्याबी पावत्या खातोय.”

हे वाडीवर सांगितलं तेव्हा निम्म्या जणी चिडल्या. त्याला कार्ड दिलं तर तो आपल्या मनानं भोकं पाडील, मग आपल्या कार्डाला काय अर्थ? आत्या म्हणाल्या, द्या, पण आपल्यासमोर फोडायचं, दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून एकाच चिमट्यानं. एका दाबात दोन भोकं.

२०२५ च्या आषाढात महासंघाचं कर्ज पहिल्यांदा वेळेवर वाटलं. अकरापैकी चार घरांनी ठरवलं की या साली उचल घ्यायची नाही, किंवा घेतली तर एकट्यानं मजुरीला जाण्यापुरती. फळ्यावर मी ती चार घरं हिरवी केली. पैसे बियाण्याला, खताला गेले. सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी बघितला आहे. ओढ्याकाठची सोयाबीन मातीसकट गेली. घटस्थापनेच्या आठवड्यात चारपैकी तीन घरांनी मुकादमाला निरोप धाडला. आता त्यांच्या अंगावर उचलही आहे आणि आमचं कर्जही. बरणीत ‘पाऊस’ची चिठ्ठी होती, पण ती एका खाड्याएवढी धरलेली, अख्खं शेत वाहून नेणारी चिठ्ठी कुणी लिहिली नव्हती, मीही नाही.

कार्यकारिणीनं त्या तीन घरांची वसुली पुढच्या पट्ट्यापर्यंत थांबवली. वाद झाला, दूधवाल्या गावांचंही नुकसान झालं होतं, त्यांनी विचारलं आमचं काय. ते अजून मिटलेलं नाही. नवीन कार्डं दिवाळीच्या आदल्या आठवड्यात छापून आली, जोडकार्डं, बायकांची पिवळी आणि मुकादमाची निळी, मागची बाजू खेपांसाठी आखलेली. छापखान्यानं पेंढीचं चित्र उलटं छापलंय. वाडीवर घेऊन गेले तेव्हा आत्यांनी कार्ड हातात घेऊन फिरवलं, खाली-वर केलं आणि चिमटा मागितला. जाड पुठ्ठ्याची दोन कार्डं एकत्र धरली तर भोक पडतं का, ते त्यांना बघायचं होतं. वरच्या कार्डाला पडलं. खालच्याला नुसता वळ उठला.

“दुसरा चिमटा आण,” त्या म्हणाल्या. “सोमवारी निघायलोत.”